गेनबाचे चार दिवे

नदीकाठच्या एका गावात गेनबा नावाचा एक शेतकरी राहत होता. तो तंबोऱ्याचे भोपळे पिकवायचा. हा भोपळा कडू असतो, खायच्या कामाचा नसतो. पण तो मोठा होऊन वाळला, की वाद्यं बनवणारे कारागीर तो शोधत येतात. गेनबाचा भोपळा गोड वाजतो, असं ते म्हणायचे. गेनबाला त्याचा फार अभिमान होता.

एका वर्षी साळिंदरांनी त्याचे निम्मे भोपळे कुरतडले. गेनबा हादरला. पुढच्या हंगामात त्याने शेताच्या चार कोपऱ्यांत उंच खांब रोवले आणि चार मोठे विजेचे दिवे लावले. दिवस मावळला तरी शेत पांढरंफटक दिसे. साळिंदर फिरकेनासं झालं. शिवाय रोज सकाळी खांबांखाली मेलेल्या पतंगांचा सडा पडे. तो टिपून गेनबाच्या कोंबड्या गलेलठ्ठ झाल्या. "राखण झाली आणि कोंबड्यांचंही भागलं," असं तो ज्याला त्याला सांगे.

शेजारी येसाक्का नावाची म्हातारी एकटीच राहायची. एक गाय, एक गोठा आणि गोठ्याच्या मागच्या छपरावर चढलेला भोपळ्याचा वेल, एवढाच तिचा संसार. ती एकदा म्हणाली, "गेनबा, गाय रात्रभर उभीच राहते रं. एवढा उजेड कशाला? जरा अंधार होऊ दे की."

"आक्का, माझं चांगलं बघवत नाही व्हय तुला?" गेनबा म्हणाला.

वेल फुलले. पांढरी फुलं संध्याकाळी उमलत. फुलाखाली बोटाएवढा कोवळा भोपळा दिसे, पण दोन-चार दिवसांत तो पिवळा पडून गळे. गेनबाने खत घातलं, पाणी वाढवलं. काही उपयोग झाला नाही. हंगाम हातचा चालला. येसाक्काच्या छपरावर मात्र भोपळे घागरीएवढे झाले होते.

'जरा अंधार होऊ दे.' गेनबाला तिचे शब्द आठवले आणि त्याच्या अंगावर काटा आला. म्हातारीला अंधार कशाला हवा होता?

"आक्कानं करणी केली," तो पारावर बोलून गेला. बोलणं गावभर झालं. कुणाची म्हैस आटली होती, कुणाचं पोर तापानं फणफणत होतं. सगळं खापर येसाक्कावर फुटलं. तिला गावाबाहेर काढा, असा गलका झाला. पाटील म्हणाले, "गेनबा, उद्या सकाळी पुरावा आण. पुरावा मिळाला, तर ती गाव सोडेल."

गेनबाकडे पुरावा नव्हता. त्याने एक लिंबू घेतलं, त्याला टाचण्या टोचल्या, कुंकू फासलं. हे येसाक्काच्या गोठ्यात ठेवायचं आणि सकाळी सगळ्यांदेखत काढून दाखवायचं. 'तिनं केलंच आहे. मी फक्त दाखवतोय,' अशी त्याने मनाची समजूत घातली.

पण त्याच्याच दिव्यांच्या उजेडात त्याचं पाऊल न् पाऊल दिसलं असतं. म्हणून त्याने दिवे बंद केले. वेल फुलल्यापासून पहिल्यांदाच.

तो गोठ्याजवळ पोचला, तोच येसाक्का बाहेर आली. गेनबा बांधावरच्या वेलात दडून बसला.

"बस गं बाई, बस," येसाक्का गाईला म्हणाली. गाय खाली बसली. "गेनबाचे दिवे गेले वाटतं. गडी अंधारात धडपडेल. कंदील नेऊन देऊ का? नको, माझ्या हातचा घ्यायचा न्हाई तो." आणि ती आत गेली.

गेनबाच्या मुठीतलं लिंबू घामाने ओलं झालं. इतक्यात कानाशी काहीतरी फडफडलं. एक मोठा पतंग फुलावर आला. त्याने लांब सोंड फुलात घातली, मग तो पुढच्या फुलावर गेला. पाठोपाठ आणखी आले. हे पतंग गेनबाने रोज पाहिले होते. कोंबड्यांच्या चोचीत.

तो उठला. त्याने छपरावरचा एक भोपळा चाचपला आणि त्याचा वेल हाताने धरत मागे आला. वेलाचं मूळ त्याच्याच बांधात होतं. बी त्याचं, माती त्याची, पाणी त्याचं. तो वेल फक्त छपरावरून पलीकडे, अंधारात उतरला होता.

सकाळी चावडीवर गाव जमला. येसाक्का एका हातात गाठोडं आणि एका हातात गाईचं दावं धरून उभी होती.

"मिळाला पुरावा?" पाटलांनी विचारलं.

गेनबाने लिंबू पुढे ठेवलं. गर्दी उसळली. कुणीतरी दगड उचलला.

"थांबा!" गेनबा ओरडला. "हे माझ्या घरातलं आहे. रात्री मीच ते आक्काच्या गोठ्यात ठेवायला निघालो होतो."

दगड उचललेला हात खाली आला. मग गेनबाने पतंगांचं सांगितलं: ज्यांच्यामुळे फुलांना फळ धरतं, ते पतंग त्याच्याच दिव्यांवर मरत होते.

"अरे, मग आधी कोंबड्यांना तरी विचारायचंस!" कुणीतरी ओरडलं. लोक हसले. गेनबाने मान खाली घातली.

पाटील हसले नाहीत. "आणि दिवे काढूनही भोपळे धरले नाहीत तर?"

"तर गाव मी सोडतो. आक्का नाही."

येसाक्का गाय घेऊन घरी गेली. पण गाठोडं तिने सोडलं नाही, तसंच दाराशी ठेवलं.

गेनबाने त्याच दिवशी खांब उपटले आणि शेताला काटेरी कुंपण घातलं. एक साळिंदर त्यातूनही शिरलं. गेनबाने ते सोसलं. रोज सकाळी तो वेलाखाली वाके. आणि एके दिवशी बोटाएवढा भोपळा मुठीएवढा झाला. मग दुसरा झाला, तिसरा झाला. हंगाम सरत आला होता. त्या वर्षी शेतात तंबोऱ्याजोगा एकही भोपळा झाला नाही, एकतारीपुरते तेवढे झाले.

येसाक्का बांधावर आली. तिने वेल पाहिला, मग अंगणाकडे पाहिलं. "कोंबड्या वाळल्या की रं तुझ्या."

"वाळू देत, आक्का," गेनबा म्हणाला. "गाय झोपते ना?"

"झोपते." येसाक्का घरी गेली आणि तिने गाठोडं सोडलं.

तात्पर्य: आपल्या भीतीपायी इतर जिवांची रात्र हिरावून घेऊ नये, आणि नुकसानाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारण्याआधी आपण लावलेला दिवा विझवून पाहावा.