भिवरा आणि ताकाचा घोट

एक होता राजा, त्याला होती भारी घाई. त्याचं गाव आज वाढायचं, उद्या वाढायचं. काल जिथं बोरी होत्या तिथं आज चार मजले. राजा म्हणायचा, "एवढं मोठं शहर, आणि त्याला स्वतःची ओळख नको?"

मग त्यानं काय केलं, वेशीवर सोन्याचा कळस चढवला. आठ दिवसांत शेजारच्या दोन्ही राजांनी चढवला. मग यानं सगळी घरं गुलाबी रंगवली. त्यांनीही रंगवली. मग यानं चौकात दगडाचा हत्ती उभा केला, हा एवढा. त्यांनी काय केलं असेल? बरोब्बर. आणि तू मधे बोलू नकोस, गाव ओळखायला नाव विचारायचं म्हणे. अगं, राजानं जुनं नाव टाकून सुवर्णनगर ठेवलं, तर त्या दोघांनीही तेच ठेवलं. आता बोल.

तर त्या गावात सगुणाबाई राहायची. गाव चार घरांचं होतं तेव्हापासून तिच्या घरातलं विरजण मोडलं नव्हतं. तिची एकुलती एक लेक भिवरा, सात डोंगरांपलीकडे दिलेली. पाच वर्षांत माहेरी येणं नाही. आता तिला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, बरं का. सातव्यात निघायचं तर नदीला पूर. नववा लागला तेव्हा सासऱ्यांनी गाडी जुंपून दिली. आणि डोहाळे कसले, तर आईच्या ताकाचे.

सातवा डोंगर उतरून बघते तर समोर तीन शहरं. तिन्हींना कळस, तिन्ही गुलाबी, तिन्हींत हत्ती. जुन्या खुणा पार बुजलेल्या. म्हातारा गाडीवान म्हणाला, "पोरी, यातलं तुझं कोणतं?"

भिवराच्या पोटात कळ आली. ती घाबरली. आई राहील एकीकडं आणि बाळ व्हायचं रस्त्यात.

मग पहिल्या वेशीत तिनं ताक मागितलं. आंबट ढाण. "हे नव्हे." दुसऱ्या वेशीत मागितलं. नुसतं पाणी. "हेही नव्हे." तिसऱ्या वेशीपाशी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. दिवेलागणीला ताक, विरजण कुणी दाराबाहेर देत नाही. पण अवघडलेली बाई बघून एकीनं पेला पुढं केला. बाई अनोळखी, लुगडं निराळं, बोली निराळी. भिवरानं एक घोट घेतला आणि तिचे डोळे भरून आले. ते तिच्या आईचंच ताक होतं.

"बाई, विरजण कुठलं गं हे?"

"शेजारणीनं दिलं. इथली रीतच आहे. नवं बिऱ्हाड आलं की आधी विरजणाची वाटी."

मग ती बाईच तिला शेजारणीकडं घेऊन गेली. शेजारणीला विटा थापणाऱ्या कोंडाबाईनं दिलेलं. कोंडाबाईला पलीकडच्या आळीतल्या अमिनाबींनी. एकेका दारातून एकेक बाई कंदील घेऊन गाडीपुढं चालायला लागली. आणि अमिनाबींनी नेलं त्या दारात सगुणाबाई दूध कोमट करत बसलेली.

"आले गं आई," भिवरा म्हणाली. मायलेकी पोटभर रडल्या. पहाटे मुलगी झाली, चांगली गुटगुटीत.

राजाला कळलं. तो आला, मांडी घालून बसला, पेलाभर ताक प्याला, मिशा पुसल्या. म्हणाला, "आणि मी हत्ती घडवत बसलो." गावाला त्यानं जुनं नाव परत दिलं.

शेजारच्या राजांनी हेही उचललं का? उचललं की. तिथंही बायका वाट्या घेऊन नव्या बिऱ्हाडांकडं जायला लागल्या. पण ज्याचं विरजण त्याची चव. तीन शहरं, तीन चवी, पुन्हा कुणाची लेक चुकली नाही. हत्तीच्या सोंडेवरून मात्र पोरं अजून घसरतात.

सगळी सुखात राहिली. आता तुम्ही पांघरूण घ्या आणि मला उठू द्या. दुधाला विरजण लावायचं राहिलंय.