वळणावरची घंटी

“पण उस्ताद, निवांत रस्ता म्हणजे नेमका कसला?”

हृषीकेश नाडगौडा कालपासून हेच विचारत होता, आणि उस्ताद कासम मुजावर कालपासून सायकलच्या चेनला तेल घालत होते.

“मोटारी नसल्या की झालं?”

“न्हाई.”

“चढ कमी असला की?”

“न्हाई.”

“मग...?”

उस्तादांनी तेलाची बुधली खाली ठेवली.

“उद्या तू पुढं हो. मी मागनं येतो. निवांत रस्त्यानं मला खिंडीपल्याड ने. मग बोलू.”

हृषीकेशचा आनंद पोटात मावेना. हेच तर ऐकायला तो सांगलीहून इतक्या लांब आला होता.

उस्ताद मूळचे मिरजेचे. तरुणपणी सायकलपटूंच्या एका चमूबरोबर मिस्त्री म्हणून फ्रान्सला आले आणि कांतालच्या डोंगरांत राहिले ते राहिलेच. इथला दगड आपल्या सह्याद्रीसारखा काळा, म्हणून करमलं, असं ते सांगत. दर उन्हाळ्यात सांगली, कोल्हापूर, बेळगावकडची सायकलवेडी मंडळी त्यांच्याकडे येत, आणि उस्ताद त्यांना नकाशावर जेमतेम पांढऱ्या रेघेएवढ्या दिसणाऱ्या रस्त्यांनी फिरवत. कायम स्वतः पुढे राहून.

यंदा मात्र गुडघ्यांनी दगा दिला. आता पुढे राहणं जमायचं नाही, हे त्यांनी हृषीकेश आल्या आल्या त्याला सांगून टाकलं होतं. सोमवारी नवी मंडळी यायची होती. त्यांच्या पुढे कुणीतरी हवं होतं.

उद्या उस्तादांना रस्ता पसंत पडला, तर ती जागा हृषीकेशची. नाही पडला तर परत सांगली, वडिलांची हळदीची अडत, आणि जन्मभर पोत्यांत बसून शिंका. हळदीत वाईट काहीच नाही. पण ज्याच्या डोक्यात घाट शिरलाय त्याला पोत्यांत कोण बसवणार?

गडी कच्चा नव्हता. आंबोली, अणुस्कुरा, फोंडा, सगळे घाट त्यानं पायाखाली घातलेले. आणि ते तो कुणाला विसरूही देत नसे.

त्याच्या हँडलला पितळी घंटी होती. घरून आणलेली, चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेली. उस्तादांच्या सायकलला घंटी नव्हती. इतकी वर्षं पुढे राहिलेल्या माणसाला साधी घंटी असू नये, याचं हृषीकेशला मोठं नवल वाटे. एकदा तर तो म्हणालाही होता, की उस्ताद, पुढच्या खेपेला तुमच्यासाठीही एक घेऊन येतो. उस्ताद नुसते हसले होते.

सकाळी दोघं निघाले. काय सकाळ होती ती! दवानं भिजलेली कुरणं, काळ्या दगडांची घरं, कडेनं पिवळ्या फुलांची झुडपं, आणि त्यांच्यामधून वर वर जाणारा इवलासा डांबरी रस्ता. असा, की पाहताच पायांना हुरूप यावा. हृषीकेशनं पेडलवर पाय ठेवला आणि सुटलाच.

पहिलं वळण आलं. ट्रिंग ट्रिंग.

आपल्याकडे घाटात वळण आलं की अंगठा आपोआप घंटीवर जातो. पलीकडून एसटी येतेय की उसाचा ट्रॅक्टर, कुणी सांगावं? दिसायच्या आधी आपण वाजवून मोकळं व्हायचं. शाळेत जायच्या वयात लागलेली सवय ती. इथं पलीकडून कुणीसुद्धा येत नव्हतं, तरी प्रत्येक वळणावर ट्रिंग ट्रिंग.

दोन वळणांच्या मध्ये त्याचं तोंड चालू. हे सगळे डोंगर म्हणजे विझलेले ज्वालामुखी आहेत. हा चढ पुढे आणखी कडक होणार आहे. नकाशातले लाल रस्ते त्यानं आधीच टाकले, मग पिवळेही टाकले, आणि रात्रभर फोनमध्ये डोकं खुपसून हा पांढरा शोधून काढला. मान मागे वळवून वळवून तो हे सांगत होता आणि मागून हूं की चूं ऐकू येत नव्हतं. उस्ताद खूश दिसतायत, असं तो धरून चालला होता.

चढाच्या अर्ध्यावर एक चिमुकलं देऊळ लागलं, ख्रिस्ताचं, आणि त्याच्या दारात दगडी कुंडात अखंड पडणारी पाण्याची धार. हृषीकेश उतरला. चेहरा आनंदानं नुसता फुलला होता.

“बघा उस्ताद. एक मोटार नाही. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.”

उस्ताद ओंजळीनं पाणी प्यायले. मग कठड्यावर बसले. बराच वेळ बसले.

“ऐकलीस?”

“म्हणजे काय, सगळीकडे तर...”

उस्तादांनी खिशातून छोटा पाना काढला. हृषीकेशच्या हँडलपाशी गेले, घंटीचा स्क्रू सोडवला, घंटी रुमालात गुंडाळली आणि खिशात टाकली.

संपलं, असं हृषीकेशला वाटलं. त्या थंडगार डोंगरी हवेत त्याच्या नाकात हळद शिरली.

“काही चुकलं का, उस्ताद?”

उस्ताद सायकलवर टांग टाकून तयार.

“अहो, पण मी वळणावर काय करू?”

“वळ.”

पुढचं पहिलंच वळण आंधळं होतं. सवयीनं अंगठा गेला आणि रिकाम्या दांडीवर आपटला. हृषीकेश घाबरला. घाबरला म्हणून हळू झाला. हळू झाला म्हणून गप्प झाला. आणि पलीकडे काय आहे ते कळावं म्हणून सकाळपासून पहिल्यांदा त्यानं कान दिला.

पलीकडे काही नव्हतं. पण रस्त्याच्या पोटातून पाणी वाहत होतं, ते ऐकू आलं.

मग स्वतःची चेन ऐकू आली. कुरकुरत होती. सगळ्या नकाशांच्या गडबडीत तिला तेल घालायचं राहून गेलं होतं.

मग झाडीतला पक्षी ऐकू आला. कोकिळा नव्हे, पण तिच्याच नात्यातलं कुणीतरी. तेच ते दोन सूर, पुन्हा पुन्हा, कुणाच्या बापाला न भिता. हृषीकेशला हसू आलं.

आणि मग आणखी एक आवाज आला. घर्रर्र... घर्रर्र... लोहाराच्या भात्यासारखा. त्याला आधी वाटलं, कुणाचं तरी यंत्र चालू असेल शेतात.

ते उस्तादांचं श्वास घेणं होतं.

सकाळपासून म्हातारा माणूस त्याच्या वेगानं फरफटत येत होता, दुखऱ्या गुडघ्यांनी. आणि ह्यानं समजूत करून घेतली होती, की उस्ताद खूश आहेत. हृषीकेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं मागे पाहिलं नाही. गिअर हलका केला, पाय सैल सोडले. भाता जवळ आला. हळूहळू त्याची घरघर कमी झाली, मग नुसता श्वास राहिला. आता तो त्या श्वासावर पेडल मारू लागला. श्वास अडला की हा थोडा थांबल्यासारखा होई, मोकळा झाला की थोडा पुढे सरके. आणि गंमत अशी, की चढ त्याला लागेनासाच झाला. आपण इतके खूश का आहोत, हे त्याला कळत नव्हतं.

खिंड आली. वारा आला. समोर एकामागून एक हिरवे डोंगर थेट आभाळापर्यंत गेलेले पाहून दोघांच्या तोंडून एकदमच “वा!” निघालं.

आणि उतार लागला. मग काय विचारता! कानात वारं शिरलेल्या वासरासारखा हृषीकेश सुटला. डोळ्यांतून पाणी, सदरा फुगलेला, डावीकडे दरी, उजवीकडे काळा कडा. उस्तादही मागे नव्हते. उताराला गुडघे लागत नाहीत. ते चक्क गुणगुणत होते, आणि हृषीकेशला ते ऐकू येत होतं.

पुढे कड्याला बिलगून गेलेलं वळण.

ठण...

कुठून तरी खालून. बोदा, लांबचा आवाज.

ठण... ठण ठण...

त्याचा अंगठा हलला. तिथं काही नव्हतं. बोटांनी ब्रेक दाबले. एक हात मागे उंच करून त्यानं उस्तादांना खूण केली, सायकल कड्याकडेला घेतली आणि पाय टेकले. उस्ताद शेजारी येऊन उभे राहिले.

आणि वळणावरून अख्खा रस्ता भरून गाई आल्या.

तांबड्याबुंद, केसाळ, भल्या थोरल्या शिंगांच्या. उन्हाळ्यासाठी वरच्या कुरणांवर निघालेल्या. प्रत्येकीच्या गळ्यात घंटा, कुणाची तांब्याएवढी, कुणाची कळशीएवढी. मुंगीला शिरायला जागा नव्हती. मघाच्या वेगात तो वळला असता, तर काय झालं असतं ते सांगायला नको.

गाई दोघांना वळसा घालून चालल्या. एक मात्र थांबली. तिनं हृषीकेशचं हँडल हुंगलं आणि त्यावरचा खारट घाम खरखरीत जिभेनं चाटून काढला, नेमका घंटीच्या रिकाम्या जागेवरचा. हृषीकेश लहान मुलासारखा खदखदा हसला.

सगळ्यांच्या मागे काठी घेतलेली त्या गाईंची मालकीण, उस्तादांच्या ओळखीची सोलांजबाई होती. तिनं उस्तादांना बोंजूर केलं, हृषीकेशकडे पाहून काहीतरी म्हणाली आणि कळपामागे निघाली.

“काय म्हणाली?”

“पोरगं उभं ऱ्हायलं, म्हणाली.”

घंटा, हंबरणं, खूर, कुत्र्याचं भुंकणं. डोंगर दणाणून गेला होता. स्वतःचं बोलणं ऐकू येईना. त्या गदारोळात हृषीकेश उस्तादांच्या कानाशी वाकला.

“उस्ताद... हा ना? हाच ना निवांत रस्ता?”

उस्तादांनी डोळे मिटले होते. ते ऐकत होते.

...

कळप खिंडीकडे गेला. घंटा वर वर गेल्या, बारीक झाल्या. ओल्या शेणाचा वास तेवढा मागे राहिला. हृषीकेशला आता राहवेना.

“उस्ताद, मग सोमवारी...”



उस्तादांनी खिशात हात घातला. रुमाल उलगडला. घंटी उन्हात लखलखली. मग पाना काढला. हृषीकेशनं पुढे होऊन आपलं हँडल त्यांच्याकडे वळवून धरलं.

उस्ताद गुडघे धरत सावकाश वाकले. आपल्या स्वतःच्या सायकलपाशी. आणि घंटी तिथं बसवू लागले.

“उस्ताद, अहो, ती माझी...”

त्यांनी स्क्रू आवळला. हलवून पाहिला. अंगठ्यानं एकदा वाजवली. ट्रिंग.

“मागच्याला लागती,” उस्ताद म्हणाले.