मिरची कधी द्यायची

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा दोन राज्यांत तह झाला की राजे एकमेकांना हत्तीघोडे देत नसत, पोपट देत.

एक नदी होती. तिच्या अल्याड एक राज्य, पल्याड दुसरं. पल्याडच्या हद्दीत बंधारा होता, अल्याडच्या हद्दीत काळीभोर जमीन. पल्याडने पाणी सोडायचं, अल्याडने धान्य पाठवायचं. एकाचं अडलं की दोघांचंही अडायचं. आणि हे सगळं टांगलेलं होतं दोन पिंजऱ्यांना.

रीत अशी होती. कोणत्याही एका गादीवर नवा राजा बसला, की दोन्ही राज्यांनी एकमेकांना एकेक नवा पोपट द्यायचा. पुढच्या माघातल्या जत्रेत, दोन्ही तीरांवरच्या लोकांसमोर, पिंजऱ्यांची दारं उघडायची. दोन्ही पोपट आपणहून आपापल्या राजाच्या हातावर येऊन बसले, तर तह कायम. एक जरी आला नाही, तरी बंधाऱ्याचं दार बंद. ज्याच्या हातावर एक पाखरू भरवशाने बसत नाही, त्याच्या शब्दावर आम्ही पेरणी कशी करायची, असं जुनी माणसं विचारत. प्रश्न अगदी रास्त होता.

त्या वर्षी अल्याडच्या गादीवर नवा राजा बसला. तरुण, हुशार आणि भलताच घाईचा. पोपट आला, तसा राजाने पिंजऱ्यात हात घातला आणि म्हणाला, "ये."

पोपटाने त्याचं बोट फोडलं.

राजाने संतापून हुकूम सोडला, की या पोपटाला ताबडतोब कैदेत टाका. प्रधान घुटमळला. मग हळूच म्हणाला, "महाराज, तो पिंजऱ्यातच आहे."

मग पोपटाला वळण लावायचं काम सेनापतीकडे गेलं. सेनापतीने आजवर घोडे वळणावर आणले होते, शिपाई आणले होते, एकदा तर आपल्या सासऱ्यांनाही आणलं होतं. तो पिंजऱ्यासमोर उभा राहून रोज हुकूम द्यायचा आणि शेजारी तुतारी वाजवून घ्यायचा. पोपट हुकूम काही शिकला नाही. तुतारी मात्र शिकला. ऐन जेवणाच्या वेळी त्याने ती वाजवली, तेव्हा सगळी शिबंदी भाताचे हात घेऊन पटांगणात रांगेत उभी राहिली.

हात धुऊन सेनापती परतला, तोवर पोपटाला आणखी एक गोष्ट सापडली होती. ती म्हणजे किंचाळणं.

हे किंचाळणं साधं नव्हतं. दरबारात कोणी काही बोलायला लागलं, की पोपट अशी आरोळी ठोकायचा की समोरच्याच्या हातातला विडा खाली पडावा. मग सगळे धावायचे. कोणी पेरू आणायचा, कोणी भिजवलेली डाळ, आणि प्रधान स्वतः हिरवीगार मिरची घेऊन यायचा, कारण मिरची म्हणजे पोपटाचा जीव की प्राण. मिरची मिळाली की पोपट गप्प. सगळे हुश्श करायचे आणि कामाला लागायचे. थोड्या वेळाने पुन्हा आरोळी. पुन्हा मिरची.

खिडकीत एक साळुंकी येऊन बसायची. तिने एकदा पोपटाला विचारलं, की इथे कसं काय चाललंय.

"माणसं तशी हुशार आहेत," पोपट म्हणाला. "मी ओरडलो की मिरची आणायची, हे सगळ्यांना शिकवून झालं. तो मोठ्या मिशांचा तेवढा अजून कच्चा आहे. पेरूच आणतो."

इकडे जत्रा जवळ येत चालली. तह मोडला तर उन्हाळ्यात पाट कोरडे पडणार, हे राजाला दिसत होतं. पेरणी झालेली होती. रानात हरभरा गुडघ्याला लागत होता आणि लोक राजाकडे नाही, त्याच्या बोटाला बांधलेल्या चिंधीकडे बघत होते.

राजाला एक आत्या होती. साऱ्या राज्यात राजाला 'अरे' म्हणणारी ती एकटीच. वयाने वाकलेली, पण जिभेने नाही. तीर्थयात्रेहून ती परतली आणि एक अख्खी सकाळ दरबाराच्या कोपऱ्यात जपमाळ ओढत बसून राहिली. दुपारी तिने राजाला बोलावलं.

"पोपट चांगला शिकलाय," ती म्हणाली.

राजाला वाटलं, थट्टा करतेय. "आत्यासाहेब, तो काहीसुद्धा शिकलेला नाही. नुसता ओरडतो."

"अरे, तेच तर शिकलाय. तुम्हीच शिकवलंत. सकाळपासून तो किती वेळ गप्प बसला होता, पाहिलंस?"

राजाने पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं. गप्प बसलेल्या पोपटाकडे कोण बघतं?

"गप्प बसला तेव्हा त्याला काय मिळालं? काही नाही. ओरडला तेव्हा प्रधान धावला. मी पोपट असते तर मीही ओरडले असते." आत्याने माळ कनवटीला लावली. "मिरची तीच ठेव. वेळ बदल."

आणि तिने सांगितलं ते एवढंच होतं. ओरडला की बघायचंसुद्धा नाही. गप्प झाला की लगेच मिरचीचा तुकडा. तुझ्याकडे मान वळवली, तुकडा. एक पाऊल पुढे आला, तुकडा. हात पुढे न्यायचा तो त्याला नको वाटेपर्यंत नाही, त्याच्या आधी थांबायचं. आणि हे राजाने स्वतः करायचं. सेनापतीने केलं तर जत्रेत पोपट सेनापतीच्या हातावर बसेल.

राजा म्हणाला की राजाने पोपटाची मनधरणी करत बसायचं, हे शोभत नाही. आत्या म्हणाली की बोटाला चिंधी बांधून फिरणं फार शोभतं का?

दुसऱ्या दिवशी दरबारात फर्मान निघालं, की पोपट ओरडला तरी कोणी ओळख दाखवायची नाही.

त्या दिवसाचं वर्णन जुन्या लोकांनी हसत हसत करून ठेवलंय. पोपट ओरडला. कोणी हललं नाही. पोपट चकित झाला. त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तो दुप्पट जोराने ओरडला. प्रधान शेतसाऱ्याविषयी सांगत होता, तो तसाच सांगत राहिला, फक्त आता तोही ओरडत होता. पोपटाने तुतारी वाजवली. बाहेर शिबंदी रांगेत उभी राहिली. आत कोणी वळलंदेखील नाही. राजाने सिंहासनाचे हात असे गच्च धरले होते, की नक्षीतल्या सिंहाचा एक कान निखळला.

आत्याने आधीच बजावून ठेवलं होतं, की आता तो जास्त ओरडेल आणि तेव्हाच सगळ्यांचा धीर सुटेल. "तेव्हा जर मिरची दिलीत, तर तो एवढंच शिकेल की यापुढे इतक्या जोरात ओरडायचं."

धीर सुटला तो सेनापतीचा. रणात न डगमगलेला हा माणूस खांबामागून हळूच गेला आणि पोपटाच्या चोचीत एक अख्खी मिरची देऊन आला. सगळं मुसळ केरात. पोपट पुढचे कितीतरी दिवस त्याच वरच्या पट्टीत राहिला.

राजा सेनापतीवर ओरडणार, तेवढ्यात त्याची नजर आत्याकडे गेली. आत्या नुसती बघत होती. राजाने तोंड मिटलं. पुढे एकदा सेनापती कानांत कापूस घालून, भिंतीकडे बघत, पिंजऱ्यावरून निमूट निघून गेला, तेव्हा राजाने त्याला जवळ बोलावून सांगितलं, की सेनापती, आज तुम्ही फार मोठं काम केलंत. सेनापतीच्या मिशा थरथरल्या. त्यानंतर त्याने मिरचीला हात लावला नाही.

आणि मग एका सकाळी पोपट थकला. गप्प बसला. राजा न्यायनिवाडा अर्धवट टाकून उठला, पिंजऱ्याशी गेला आणि मिरचीचा तुकडा पुढे धरून म्हणाला, "शाब्बास."

पोपटाने तुकडा घेतला. राजाकडे एका डोळ्याने पाहिलं. मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. मग पुन्हा गप्प बसून पाहिलं, की होतं काय.

तुकडा आला.

त्यानंतर काम पुढे सरकलं, पण मुंगीच्या पावलाने. राजा रोज पिंजऱ्याशी बसायचा. घाई केली की पोपट मागे सरायचा आणि आदल्या दिवसाची कमाई जायची. घाई करणं म्हणजे वेळ घालवणं, हे त्या घाईच्या माणसाला कोणा पंडिताने पटवून दिलं नसतं. बोटाने पटवून दिलं.

एक गंमत मात्र आत्यानेही ठरवली नव्हती. गप्प बसलेल्या पोपटाकडे बघायची सवय लागली, तशी राजाची नजरच बदलली. त्याच्या लक्षात आलं, की दरबारातही जो ओरडतो त्याचंच काम आधी होतं. जो रांगेत मुकाट उभा राहतो, तो संध्याकाळी मुकाट घरी जातो. म्हणजे हा दरबार एवढी वर्षं राज्याला काय शिकवत होता? त्या दिवसापासून त्याने मुकाट उभ्या माणसाला आधी पुढे बोलवायला सुरुवात केली. दारावरच्या पहारेकऱ्याला तो म्हणाला, की तू दार इतकं हळू लावतोस की आवाज होत नाही, मला बरं वाटतं. पहारेकऱ्याच्या हातून भाला पडला. एवढा आवाज त्या दारात पूर्वी कधी झाला नव्हता.

जत्रेचा दिवस उजाडला. दोन्ही तीरांवर माणूसच माणूस. नदीच्या मधोमध वाळूच्या बेटावर दोन राजे, दोन पिंजरे.

अल्याडच्या राजाने दार उघडलं. पोपट बाहेर आला, पंख झटकले आणि सरळ उडून बेटावरच्या एकुलत्या करंजाच्या झाडावर जाऊन बसला.

सेनापतीचा हात पाखरं धरायच्या जाळ्याकडे गेला. राजाने त्याला खुणेने थांबवलं. स्वतः हात पुढे धरून तो उभा राहिला. ओरडला नाही, हलला नाही. पोपट एक फांदी खाली आला. "छान," राजा म्हणाला. पोपट आणखी खाली आला, मान तिरकी करून बघत राहिला, आणि मग एका झेपेत राजाच्या मनगटावर येऊन बसला.

आता पल्याडच्या राजाची पाळी. हा राजा वयाने मोठा, अंगाने आडवा आणि रागाने लालबुंद. त्याच्याकडेही वर्षभर तेच चाललं होतं. पोपट ओरडायचा, माणसं धावायची. त्याने पिंजरा उघडला. पोपट गजांना लटकून किंचाळायला लागला. राजाने पिंजरा गदागदा हलवला. पोपट आणखी किंचाळला.

"ह्या पोपटात खोट आहे," पल्याडचा राजा गरजला. "तुम्ही मुद्दाम बिघडलेलं पाखरू दिलंत. तह मोडायचाच होता तर सरळ सांगायचं."

दोन्हीकडच्या शिपायांचे हात तलवारींवर गेले. पेरलेली शेतं, बंधारा, उन्हाळा, सगळं त्या वाळूच्या बेटावर येऊन थांबलं. उलट उत्तर द्यायला अल्याडच्या राजाकडे भरपूर शब्द होते, आणि सगळे खरे होते.

तो काहीच बोलला नाही.

पल्याडचा राजा आणखी बोलला, समोरच्याच्या सात पिढ्यांविषयी बोलला. शेवटी दम घ्यायला थांबला. तेवढ्यात अल्याडचा राजा हळूच म्हणाला, "थांबलात, ते बरं केलंत महाराज. पाखराला जरा उसंत मिळाली."

पल्याडचा राजा गोंधळला. पिंजऱ्यावरचा त्याचा हात नकळत खाली आला.

"हात काढलात, उत्तम. बघा, तो किंचाळायचा थांबला."

खरंच थांबला होता. पल्याडच्या राजाने आधी पोपटाकडे पाहिलं, मग अल्याडच्या राजाकडे. लहानपणानंतर त्याला कोणी उत्तम म्हटलं नव्हतं. लोक त्याला फक्त विजयी म्हणत, आणि तेही भीतीने.

"मग आता काय करू?" त्याने विचारलं. आवाज पार उतरला होता.

अल्याडच्या राजाने त्याच्या तळहातावर मिरचीचे तुकडे ठेवले आणि त्याला वाळूत बसवलं. दोन राजे मांडी घालून बसले. जाळी खाली ठेवली गेली, मग तलवारी, मग माणसंही बसली. पोपट कधीपर्यंत यायला हवा, हे काही त्या रीतीत सांगितलेलं नव्हतं. गप्प झाला की तुकडा. मान वळली की तुकडा. मध्येच पल्याडच्या राजाला घाई झाली, त्याने हात आत घातला, आणि पोपटाने बोट फोडलं. त्याने ओरडायला तोंड उघडलं, शेजारी पाहिलं आणि मिटलं.

"हे सगळ्यांत अवघड असतं," अल्याडचा राजा म्हणाला. "मला इतकं लवकर जमलं नव्हतं."

उन्हं कलली. दोन्ही तीरांवर हजारो माणसं होती आणि पाण्याचा आवाज ऐकू येत होता. तेव्हा कुठे पोपट पिंजऱ्याच्या दारात आला, एक पाय बाहेर ठेवला, आत घेतला, पुन्हा ठेवला, आणि पल्याडच्या राजाच्या रक्ताळलेल्या बोटावर चढून बसला. त्या आडव्या, लालबुंद राजाने इतक्या हलक्या आवाजात शाब्बास म्हटलं, की ते फक्त पोपटाला ऐकू गेलं.

त्या वर्षी बंधाऱ्याचं दार उघडं राहिलं. अल्याडचा हरभरा पल्याडच्या घरोघरी पोचला.

तुमच्या घरात आज कोणी एखादी गोष्ट मुकाट्याने नीट केली असेल. आईने, धाकट्या भावाने, कोणीही. पुस्तक बाजूला ठेवा, आधी त्यांना तसं सांगून या, आणि मगच शेवटची ओळ वाचा.

तात्पर्य: चुकलं की सगळेच धावतात, बरोबर केलं तेव्हा जो धावून जातो, त्यालाच शिकवता येतं.