ऐंशी नंबरचं दार

“पुसलंस म्हणजे... पुरतंच?”

“पुरतंच, चाचा. जुन्या मशीनमध्ये आता काही नाही.”

यासीनचाचा मुल्ला दारातच थांबले. हातातली पिशवी त्यांनी सावकाश खाली ठेवली. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

अकराला सौदा होता.

चाचा म्हणजे टेलिफोन खात्यातले निवृत्त मेकॅनिक. पदवी नाही, इंग्रजी अडखळत. पण बेदाणा व्यापारी संघाची सौद्याची वेबसाइट त्यांनी एका मशीनवर नऊ वर्षं चालवली होती, आणि एकही सौदा चुकला नव्हता. पेठेत वजनकाट्याला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतील, चाचांच्या मशीनला ठेवणारा एक भेटायचा नाही.

कौस्तुभ आवटी त्यांचाच चेला. अकरावीत असताना याच खोलीत चाचांनी त्याला हाताला धरून शिकवलं. मग तो पुण्याला गेला, सहा वर्षं मोठ्या कंपनीत राहिला आणि परत आला तो मान थोडी ताठ करूनच. संघानं नवं मशीन घेतलं. सगळं त्यावर हलवायचं काम कौस्तुभकडे आलं. “चाचा, तुम्ही आता घरी आराम करा,” असं तो भर सभेत म्हणाला होता.

आज सकाळपासून नव्या मशीनवर वेबसर्व्हर सुरूच होत नव्हता. आज्ञा द्यावी, आत दोन क्षण काही हलल्यासारखं व्हावं, आणि पुन्हा लाल अक्षरं... ‘सुरू होऊ शकत नाही.’

बाहेर आवारात बेदाण्याचे तीनशे लॉट लागले होते. द्राक्षवाले रात्रभर प्रवास करून आलेले. अध्यक्ष चौगुलेशेठ दोनदा डोकावून गेले होते. दुसऱ्यांदा जाताना म्हणाले, “साइट नाही उघडली तर सौदा रुमालाखाली. आणि एकदा रुमाल निघाला, की तो परत खिशात जात नाही, आवटी. एवढं लक्षात ठेवा.”

रुमालाखालचा सौदा म्हणजे काय, हे कौस्तुभला सांगावं लागत नव्हतं. अडत्या आणि खरेदीदार कापडाखाली बोटं दाबणार. ज्याचा माल, तो बाजूला उभा राहून कापडाकडे बघणार. कौस्तुभच्या वडिलांनी वीस वर्षं ते कापड बघितलं होतं. चाचांनी आवारात साइटचा मोठा पडदा लावला तेव्हा कुठं बोली उघड्यावर आली.

“जुनं पुसलंस कशाला?” चाचांनी विचारलं.

“तेच आडवं येत होतं. लाल अक्षरांत पहिलीच ओळ होती, पत्ता आधीच वापरात आहे. म्हटलं, साइटचा पत्ता नव्या मशीनकडे वळवला तरी जुनं मशीन सोडत नसणार. त्याची वायर काढली, तरी तेच. मग...”

“मग पुसलंस.”

“हो.”

“आणि तरी तेच.”

घाबरलेला माणूस आणि आंधळी कोशिंबीर खेळणारा, दोघांचं एकच असतं. हाताला जो लागेल, त्यालाच चोर म्हणायचं. सकाळपासून कौस्तुभनं एक सेटिंग बदललं, मग दुसरं. दुसऱ्यासाठी पहिलं उलटं केलं. काय मुळात होतं आणि काय आपण केलं, हेच आता त्याला सांगता आलं नसतं.

“नव्यावर दुसरं कोणी काही बसवलंय?” चाचा.

“छे! नव्या मशीनला माझ्याशिवाय कोणाचा हातच लागलेला नाही.”

“असं.”

“हो. एक एक गोष्ट माझी आहे.”

“बाहेर पडद्यावर तुझं नाव आहे,” चाचा म्हणाले. “झळकतंय.”

“चाचा, टोमणे नंतर मारा हो. साडेदहा झाले.”

चाचा हसले नाहीत.

कौस्तुभ उठला, कोपऱ्यातल्या माठातून तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला. वळून बघतो तर त्याच्या खुर्चीत चाचा. हात मांडीवर, पाठ ताठ, डोळे मिटलेले.

“चाचा, उठता जरा?”

“बस की.”

“कसा बसू? तुम्ही बसलाय.”

“खुर्ची मोडली का?”

“खुर्ची बरी आहे हो...”

“मग तुझे पाय मोडले?”

“चाचा, अहो, पंचवीस मिनिटं राहिली! मी काय...”

शब्द तिथंच तुटला.

चाचा डोळे मिटून तसेच.

कौस्तुभ खुर्चीकडे बघत राहिला. बाहेरून कोणीतरी हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही. वेबसर्व्हरकडे लोक येतात ते ऐंशी नंबरच्या दारानं. एका दारावर एकच दरवान. दरवान आधीच बसलेला असेल, तर दुसरा कितीही चांगला असो, त्यानं बसायचं कुठं?

चाचा उठले.

कौस्तुभ बसला. मशीनला सकाळपासून शंभर गोष्टी सांगून झाल्या होत्या. आता पहिल्यांदा त्यानं एक विचारली. ऐंशीच्या दारावर कोण आहे?

उत्तर एका ओळीत आलं.

आठ दिवसांपूर्वी, चौगुलेशेठना दाखवायला, त्यानं हातानं एक छोटा सर्व्हर उभा केला होता. एकच पान. ‘नवी सौदा प्रणाली लवकरच येत आहे. कौस्तुभ आवटी.’ शेठ खूश झाले होते. कौतुकाच्या भरात तो सर्व्हर बंद करायचं कौस्तुभ विसरला होता. आवारातल्या पडद्यावर सकाळपासून तेच पान होतं. लोकांना वाटलं, यानं आत्ताच सूचना लावली आहे.

“माझाच आहे, चाचा,” तो हळूच म्हणाला.

त्यानं तो छोटा सर्व्हर थांबवला. सकाळी बदललेली सेटिंग्ज कालच्या जपून ठेवलेल्या प्रतीवरून पूर्ववत केली. दोनदा चुकला. मग आज्ञा दिली.

लाल अक्षरं आली नाहीत.

बाहेर गलका उठला. तीनशे लॉटची यादी पडद्यावर आली होती. दहा वाजून एक्कावन्न. कौस्तुभनं खुर्चीला पाठ टेकली, आणि सकाळपासून हरवलेलं हसू हळूहळू त्याच्या ओठांवर परत यायला लागलं.

“मशीन बंद कर,” चाचा म्हणाले.

“काय?”

“बंद करून चालू कर.”

“आत्ता? नऊ मिनिटं राहिलीत! चालतंय की, चाचा!”

“चालतंय.”

“नाही उठलं तर? जुनं मी पुसलंय...”

चाचा त्याच्याकडे बघत राहिले. रागानं नाही, खरेदीदार माल बघतो तसे.

कौस्तुभचा हात कळफलकावर गेला आणि थांबला. त्याला आठवलं. शेठसमोर लाज नको म्हणून त्यानं त्या छोट्या सर्व्हरला सांगून ठेवलं होतं... मशीन जेव्हा जेव्हा चालू होईल, तेव्हा सगळ्यांच्या आधी तू ऊठ. सौद्याच्या मध्यात वीज गेली असती, तर पडद्यावर पुन्हा त्याचंच नाव आलं असतं.

त्यानं ती ओळ शोधली. खोडली. मग ते पानही काढून टाकलं, नावासकट.

आणि मशीन बंद केलं.

बाहेर पडदा काळा झाला. आरडाओरडा झाला. कोणीतरी ओरडलं, “काढा रुमाल!” कौस्तुभ दोन्ही तळवे टेबलावर दाबून बसला. एक मिनिट. दीड. पंख्याचा आवाज चढला... उतरला...

यादी आली.

दहा वाजून सत्तावन्न.

चौगुलेशेठ घामाघूम होऊन आत आले. आधी घड्याळाकडे, मग दोघांकडे बघितलं. “अहो, जीव घेतलात माझा! होतं काय एवढं? सकाळपासून कोण वाट अडवून बसला होता?”

चाचांनी पिशवी उचलली होती. ते दाराशी पोचले होते.

“मी, शेठ,” कौस्तुभ म्हणाला. “दुसरं कोणी नाही. जुनं मशीनही मीच उगाच पुसलं. चाचांच्या मशीनचा काही दोष नव्हता.”

शेठचा चेहरा उतरला. “म्हणजे सभेत एवढ्या बाता मारणारा...”

“तो गेला, शेठ,” चाचा वळून म्हणाले. “हा आत्ताच आलाय.”