एवढंच म्हणून ये

"तर मग सांगा बुवा, जिथे कुणी उरलेलंच नाही, तिथे अन्याय होतो तो कुणावर?"

प्राध्यापक अच्युत केळशीकरांनी प्रश्न टाकला आणि मांडी बदलली. ही त्यांची जुनी खोड. विद्यापीठात त्यांनी अशी मांडी बदलली, की समोरच्याची पाचावर धारण बसायची.

आबाजीबुवांची बसली नाही. मठाच्या ओसरीवर ते गवार मोडत होते. त्यांनी एक शेंग घेतली, शीर ओढून काढली आणि तुकडे टोपलीत टाकले.

"जेवायला थांबशील ना? किती जण आहात?"

"नाही, निघायचंय. आणि तसा मी एकटाच आहे. कुंदा गाडीत आहे, पण..."

"पण?"

"तेच तर मघापासून सांगतोय."

गाडी फाटकाशी चिंचेच्या सावलीत उभी होती. काचा खाली होत्या. पुढच्या सीटवर केळशीकरांच्या पत्नी कुंदाताई बसल्या होत्या आणि समोर बघत होत्या. समोर मठाची भिंत होती.

चाळीस वर्षांपूर्वी याच ओसरीवर केळशीकर बुवांकडे तर्क शिकले. पुढे भल्याभल्यांना त्यांनी वादात लोळवलं. हरले ते फक्त बुवांपुढे. आता त्यांच्या मांडीवर त्यांचं नवं पुस्तक होतं, चारशे बारा पानांचं. मन म्हणून शरीराहून वेगळं काही नसतं, मेंदूत जे चालतं तेच मन, एवढं सांगायला त्यांना नऊ वर्षं लागली होती. पुस्तक गाजलं. जर्मनीहून दोन वर्षांसाठी बोलावणं आलं. विमान परवाचं होतं.

आणि दोन वर्षांपूर्वी कुंदाताईंच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. आज त्यांना पुढच्या गावातल्या एका संस्थेत कायमचं ठेवायचं ठरलं होतं. चारच्या आत पोचायचं होतं.

"तिला काही कळतं?" बुवांनी विचारलं.

"काही नाही. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो दाखवले. ओळख, भाषा, आठवणी... सगळे भाग गेलेत. घास ओठाशी नेला की तोंड उघडतं, तेवढंच. तेही भात पार मऊ करून भरवावा लागतो."

"कोण भरवतं?"

"मीच. दुसरं कोण आहे?"

बुवांनी आणखी एक शेंग घेतली.

"माझ्या तर्कात खोट असेल तर दाखवा," केळशीकर म्हणाले. "नसेल तर 'बरोबर आहे' म्हणा. एवढ्यासाठी वाट वाकडी करून आलोय."

खरं सांगायचं तर केळशीकर घाबरले होते. विभागातल्या सगळ्यांनी त्यांना 'बरोबर आहे' म्हणून झालं होतं, तरी आठ दिवस त्यांना जेवण जात नव्हतं.

"खोट नाही," बुवा म्हणाले.

"नाही?"

"मला तरी दिसत नाही. जा तू जर्मनीला."

केळशीकरांना हायसं वाटायला हवं होतं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. वाटलं नाही.

"फक्त एक कर. तिथे गेल्यावर कागद, सह्या, गडबड असेल. तेव्हा निरोप इथेच घे. गाडीपाशी जा आणि म्हण, 'कुंदा, जातो.'"

"जातो?"

"एवढंच म्हणून ये."

केळशीकर मोठ्यानं हसले. कुणाच्याही घरून निघताना 'येतो' न म्हणता मुद्दाम ठणकावून 'जातो' म्हणणारा माणूस तो. घरोघरच्या म्हाताऱ्या त्यावरून त्यांच्या नावानं बोटं मोडत. बुवांना परीक्षाच घ्यायची होती तर निदान जरा अवघड तरी घ्यायची!

ते ताडताड पायऱ्या उतरले. चिंचेपाशी पोचेपर्यंत त्यांना एक गोष्ट आठवली. बाहेर कुठेही 'जातो' म्हणोत, स्वतःच्या घरातून निघताना त्यांना तसं कधी म्हणता आलं नव्हतं. कुंदा दारात त्यांची पिशवी धरून उभी राहायची. 'येतो' म्हटल्याशिवाय ती पिशवी सोडत नसे. लेक्चरला उशीर होवो, रिक्षावाला ओरडो, ती आपली हसत उभी.

ते खिडकीशी वाकले. आपली पिशवी त्यांनीच मघाशी डॅशबोर्डवर टाकली होती, ती घसरून कुंदाताईंच्या मांडीवर आली होती. बंदाभोवती कुंदाताईंची बोटं मिटली होती.

हाताला काही लागलं की अशी बोटं मिटतात. नुसती शरीराची क्रिया. पुस्तकात पान दोनशे बारावर ते होतं.

"कुंदा," केळशीकर म्हणाले.

कुंदाताई भिंतीकडे बघत होत्या.

"कुंदा..."

बराच वेळ गेला. बुवांची निम्मी गवार मोडून झाली.

केळशीकर परत आले ते रिकाम्या हातांनी.

"म्हणालास?"

"...नाही."

बुवांनी पुढची शेंग घेतली. केळशीकरांना ते सोसेना.

"'येतो' म्हणायची सवय आहे ती, बुवा. अडतीस वर्षांची. मेंदूत घट्ट बसलेली असते, आणि तीही माझ्या मेंदूत. तिला काही कळतं असं त्यावरून सिद्ध होत नाही."

"नाही होत."

"बोटं मिटतात, त्यावरूनही काही सिद्ध होत नाही."

"नसेल होत."

"म्हणजे पुस्तक बरोबर आहे."

"मी कुठे नाही म्हणतो?"

केळशीकरांनी घड्याळ पाहिलं. निघायलाच हवं होतं. त्यांना रडू येत होतं आणि रडू येतंय म्हणून स्वतःचा रागही येत होता. ओसरीवर पडलेलं पुस्तक त्यांनी कडेला सारलं. मग खाली बसले, मूठभर गवार पुढ्यात ओढली आणि मोडायला लागले. शिरा तशाच राहत होत्या.

बुवांनी त्यांचे तुकडे उचलून शिरा काढल्या. काढता काढता आतल्या स्वयंपाकघराकडे मान वळवली.

"गोदाक्का, आज भात जरा मऊ होऊ दे."