बटण न दाबता

"...आणि हे बटणच मोडलं असेल तर?"

भन्ते धम्मसारांनी विचारलं खरं, पण त्यांचं लक्ष सुईत होतं. चीवराची कड उसवली होती आणि दोरा काही केल्या नेढ्यातून जात नव्हता.

वैनगंगेच्या काठावरचा लहानसा विहार. सकाळची वंदना आटोपून मंडळी आपापल्या घरी गेली होती. पायऱ्यांवर कोवळं ऊन आलं होतं आणि भन्तेंच्या समोर मांडी घालून बसला होता सुबोध रामटेके.

सुबोध म्हणजे तालुक्यातले मोबाईलवाले सर. फोनच्या युक्त्या सांगणारे त्याचे व्हिडिओ गावोगाव पाहिले जात. कोणी प्रश्न विचारला की त्याची कळी खुलायची, त्यातून उत्तर आधीच माहीत असलं तर विचारूच नका.

"काही अडत नाही, भन्ते," तो सावरून बसला. "माझं मोडलेलंच आहे. हे बघा."

फोनच्या कडेचं बटण पार आत खचलं होतं.

"मोकळ्या जागेवर दोनदा टिचकी मारायची, स्क्रीन बंद. नाहीतर स्क्रीनवर हा पांढरा गोल आहे ना, त्यातून लॉक करायचं. नाहीतर तोंडी सांगायचं, तेही ऐकतो. चुंबकवालं कव्हर असलं तर झाकण मिटलं की फोन मिटला. आणि काहीच नाही केलं तरी थोड्या वेळानं आपला आपण बंद होतो."

"अरे वा!" भन्ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

सुबोध खूश झाला. मग आपण इथे कशासाठी आलो ते आठवलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"फोन बंद करता येतो, भन्ते. डोकं बंद होत नाही. कितीतरी दिवस झाले, डोळ्याला डोळा लागत नाही. तुम्ही ध्यान शिकवता. तेवढं शिकवा मला."

"शिकवतो की. पण आधी तुझी विद्या दाखव. कर बंद."

सुबोधने ऐटीत दोन टिचक्या मारल्या. काच काळी झाली.

"झाला."

"छान."

...

नदीवर कोणीतरी धुणं आपटत होतं. भन्तेंनी दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि पुन्हा नेढ्याशी नेलं. सुबोधचा अंगठा हळूच काचेवर गेला. फोन उजळला. त्याने एक नजर टाकली आणि घाईघाईने पुन्हा टिचकी मारली.

"बंद झाला?" भन्तेंनी सुईवरची नजर न काढता विचारलं.

"झाला."

"मग मधे लावला कोणी?"

सुबोधने उगाच इकडेतिकडे पाहिलं. विहारात त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं.

"सवय आहे, भन्ते."

"असू दे. दुसरी युक्ती दाखव."

सुबोधने घसा साफ करून फोनला तोंडी हुकूम दिला. फोन गुणी बाळासारखा बंद झाला. भन्तेंची सुई ओवून झाली तोवर त्यावर पुन्हा उजेड आलेला होता, आणि सुबोधचं तोंड त्या उजेडात. आता मात्र तो ओशाळला.

"काय पाहतो रे त्यात एवढं?"

"ताईचा मेसेज आला का ते."

आणि मग सगळं बाहेर पडलं. आई गेली तेव्हा सुबोध शाळेत होता. ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला, स्वतःचं लग्न लांबवून शिकवला. त्या ताईच्या घरी भाच्याचा वाढदिवस होता. पंगत बसली होती. सुबोधने पाण्याच्या गडव्याला फोन टेकवून ठेवला होता आणि त्यात बघत बघत तो जेवत होता. वाढता वाढता ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "मोबाईलवाले सर, घास तोंडात चालला का नाकात, ते तरी पहा!" सगळी पंगत हसली. भाऊजी हसले, शेजारी हसले, ज्याचा वाढदिवस तो पोरगाही हसला. सुबोध भरल्या ताटावरून उठला आणि चालता झाला.

"अन् बटण?" भन्तेंनी विचारलं.

सुबोध जरा घुटमळला. "ते... जाता जाता ओट्यावर आपटला मी फोन."

भन्तेंनी मान हलवली. बटणाचं काय झालं ते आता दोघांनाही माहीत होतं.

"मग ताईचा मेसेज आला नाही म्हणतोस?"

"आले ना. रोज येतात." त्याने फोन भन्तेंकडे वळवला. ताईचे मेसेज एकाखाली एक होते, पण त्यात अक्षर एकही नव्हतं. सगळे बोललेले. "एकही ऐकला नाही मी."

"का बरं?"

"चूक तिची आहे, भन्ते. तिनं लिहून माफी मागावी. लिहिलेलं कसं, डोळ्यांना दिसतं. मी तेच पाहत असतो, लिहिलं का, लिहिलं का..."

"ताई लिहिते?"



ताईला फोनवर लिहिणं कधी जमलंच नव्हतं. बोटं जाड पडायची, भलतीच अक्षरं उमटायची. त्यानेच तिला शेजारी बसवून शिकवलं होतं, "राहू दे ताई, लिहू नको. हा माईक दाबून धर अन् नुसती बोल." ताईने तेव्हा कौतुकाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता.

"नाही लिहीत," तो म्हणाला. आवाज खाली आला होता.

भन्ते हसायला लागले. टवाळीचं नव्हे, एखादं पोर हसतं तसं खळखळून. हसता हसता त्यांनी सुई चीवरात खोचून ठेवली, पुढे वाकले आणि विचारलं, "यातला पहिला कुठला?"

सुबोधने बोट ठेवलं. मेसेज सुरू झाला. ताईचा आवाज विहारात फुटतो न फुटतो तोच भन्तेंनी त्याचं मनगट धरलं आणि फोनसकट त्याचा हात त्याच्या कानाशी नेऊन टेकवला.

कानाला लागताक्षणी काच काळी झाली.

"बघ," भन्ते म्हणाले. "बटण न दाबता."

"याला लॉक नाही म्हणत, भन्ते," सुबोधमधला सर अजून जागा होता. "तिथे एक सेन्सर असतो, कान जवळ आला की तो..."

"ऐक."

सुबोधने ऐकलं.

"बाबू... सगळ्यांसमोर बोलाले नव्हतं पाहिजे मी. जीभ घसरली रे माही. पन तू भरल्या ताटावरून उठला, ते काही बरं नाही केलं. तुह्या ताटावर ताट झाकून ठेवलं मी. वाटलं, येईल माघारी. मंग रात्री तेच जेवली मी... वांग्याची भाजी होती, तुले आवडते म्हणून केली होती."

मग दुसरा. मग तिसरा. एकात ती नुसतीच रागावली होती. एकात भाच्याचे मार्क सांगितले होते. एकात काहीच नव्हतं, मागे कुकरची शिट्टी आणि ताईचा श्वास, बहुतेक माईक दाबल्यावर काय बोलावं ते तिला सुचलं नसावं. शेवटचा आज सकाळचा होता. "काऊन बोलत नाही रे? एवढा राग?"

सुबोध रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. फार दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्याला वाटलं. त्या साऱ्या वेळात त्याने एकदाही फोनकडे पाहिलं नव्हतं.

भन्ते शांतपणे टाके घालत होते.

सगळं ऐकून झालं तेव्हा सुबोधने फोन कानापासून काढला. काच लगेच उजळली. त्याने बाहीने डोळे पुसले आणि दोन्ही अंगठे सरसावले.

"काय करतो?"

"ताईला लिहितो, भन्ते. चुकलं म्हणून लिहितो. मोठं लिहितो."

भन्तेंनी चीवर मांडीवर पसरून कड तपासली. शिलाई सरळ आली होती. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

"ताईचा फोन आत्ता कुठं असेल रे?"

"हातातच असेल. सकाळपासून माझी वाट पाहत असेल."

"म्हणजे चालूच."

"चालूच असणार, भन्ते."

"मग लिहू नको," भन्ते म्हणाले. "नुसता बोल. आता इथं बसल्या बसल्या तिचाही बंद कर."