पाचोळ्यापाशी थांबलेला अग्नी

निर्मळनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी आंबेखोल गावी, नदीकाठच्या दत्तमंदिरात होता. चातुर्मास संपत आला होता. पाऊस केव्हाच परतला होता, सकाळी गवतावर दहिवर दिसू लागले होते आणि अंगणाअंगणांतून पावसाळ्यात माजलेले रान काढण्याची कामे चालली होती.

मंदिराला रोज फुले आणून देणारी गोदाक्का नावाची एक विधवा बाई गावात राहत असे. तिचे घर शाकारलेले, एका खोलीचे. पुढे लहानसे अंगण, त्यात शेवंती, मोगरा, तुळस आणि एक जुना उंबर. कार्तिकात उंबराची पाने गळू लागली, तेव्हा तिने महाराजांना विचारले, "महाराज, रोज झाडते तरी अंगण भरतंच. या पाचोळ्याचं करू काय?"

महाराज म्हणाले, "अक्का, झाडानं टाकलेलं झाडाच्याच पायाशी राहू दे. आता थंडी येईल. उघड्यावर निजणाऱ्याला पांघरूण लागतं, तसं मुळांनाही लागतं."

गोदाक्काला तेवढे पुरे होते. तिने तण उपटले, मोगऱ्याच्या वाळक्या फांद्या छाटल्या, शेवंतीची माती हलकी केली आणि उंबराची पाने सगळ्या अंगणभर, झाडाझाडाच्या बुंध्याशी पसरली. सकाळी हंडाभर पाणी त्यावर शिंपडताना ती दत्तनाम घेत असे.

तिच्या एका अंगाला भास्करराव सरंजाम्यांचा बगीचा होता आणि दुसऱ्या अंगाला त्यांचाच गोठा. बगीच्याचा लौकिक मोठा. परगावची माणसे तो पाहायला येत. भास्कररावांना जमिनीवर एक वाळके पान पडलेले खपत नसे. गोदाक्काचे अंगण पाहून ते कुंपणाशी थांबले.

"गोदाक्का, हे अंगण म्हणायचं की उकिरडा?"

"महाराजांनी सांगितलं तसं केलंय, दादासाहेब."

"महाराजांनी पोथी सांगावी. बागेतलं त्यांना काय कळणार?" भास्कररावांबरोबरची मंडळी हसली. ते पुढे म्हणाले, "आणि एखादी ठिणगी पडली म्हणजे? माझा गोठा पलीकडेच आहे. दोन दिवसांत हा कचरा उचल, नाहीतर माझे गडी येऊन उचलतील."

गोदाक्का त्या संध्याकाळी मंदिरात गेली. गोठ्याची गोष्ट तिला खरी वाटली होती, म्हणूनच तिचे मन अधिक टोचत होते.  महाराजांनीच विचारले, "काय झालं?" तिने सांगितले.  महाराज म्हणाले, "त्यांच्या गाईंची काळजी तुलाही आहे ना? मग पाणी जरा जास्त शिंपड. बाकीचं दत्तप्रभूंवर सोड."

दुसऱ्याच दिवशी भास्कररावांनी आपल्या बगीच्यातले कापलेले गवत आणि छाटलेल्या फांद्या कुंपणाशी रचून पेटवून दिल्या. दुपारची वेळ. ऊन कडक होते, वारा पडलेला होता. ते जेवायला घरात गेले आणि वारा उठला.

पेटते गवत उडून कुंपणावर पडले. वाळलेले कुंपण धडाडून पेटले आणि आग गोदाक्काच्या अंगणाकडे वळली. माणसे धावत आली, पण विहीर दूर होती आणि आग जवळ. "गोदाक्का, भांडीकुंडी बाहेर काढ!" कोणीतरी ओरडले.

गोदाक्काने एकदा आपल्या छपराकडे पाहिले. मग ती गोठ्याकडे धावली. गाई दावणीला हिसके देत हंबरत होत्या. तिने एकेकीचे दावे सोडले आणि त्यांना नदीच्या वाटेला लावले. शेवटची गाय व्यायला आलेली होती, ती जागची हलेना. गोदाक्का तिच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली. "दत्तात्रेया, हिच्या पोटात जीव आहे," एवढेच ती म्हणाली.

त्याच क्षणी ज्वाळा अंगणातल्या पाचोळ्यापर्यंत आल्या. वरची पाने तडतडली, काळी पडली आणि आग तिथेच बसली. वारा तसाच वाहत होता, तरी एकही ठिणगी उंबरापलीकडे गेली नाही. भास्कररावांनी येऊन जळकी पाने हाताने बाजूला सारली. खालची पाने गार आणि ओलीचिंब होती. हंडा-दोन हंडे पाण्याने भर दुपारी एवढी ओल राहत नाही, हे बागेत जन्म घालवलेल्या त्या माणसाला कोणी सांगायला नको होते.

ते तसेच गोदाक्काला बरोबर घेऊन मंदिरात गेले. महाराज भिंतीला टेकून बसले होते. दोन्ही तळहातांवर ओले फडके गुंडाळलेले होते. शिष्य नारायणबुवा जवळ बसले होते. ते हळूच म्हणाले, "दुपारी पोथी चालली होती. महाराज मध्येच थांबले आणि दोन्ही हात जमिनीला टेकून म्हणाले, 'थांब बाबा, इथंच थांब.' हात उचलले तेव्हा कातडी पोळलेली होती."

गोदाक्का रडू लागली.  भास्करराव म्हणाले, "महाराज, आग मी लावली आणि हात तुमचे भाजले."

महाराज म्हणाले, "ही बाई आपल्या घराकडे पाठ करून तुमच्या गाईंकडे धावली. मग तिच्या घराकडे दत्तप्रभूंनाच पाहावं लागलं. मी नुसता हात टेकला."

भास्कररावांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. बराच वेळ त्यांनी ते उचलले नाही. मग उठून ते गोदाक्काकडे वळले आणि वाकू लागले. "दादासाहेब, हे काय करता," म्हणत ती संकोचाने मागे मागे सरली. मागे मंदिराची भिंत आली, आणि तिला नमस्कार घ्यावाच लागला.